मासळीलाही बागेसारखा क्रमांक हवा

नाशिक जिल्ह्यात प्रमाणपत्राचे महत्त्व कोणाला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत निर्यातीसाठी तयार होणाऱ्या द्राक्षबागेची आधी नोंदणी होते, त्या बागेला स्वतःचा क्रमांक मिळतो, काढणीच्या आधी घडांचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन त्यातील औषधांचा रेसिड्यू, म्हणजे उरलेला अंश, तपासला जातो, आणि त्यानंतर पॅकहाउसमधून निघालेली पेटी नेदरलँड्समधल्या एखाद्या दुकानात पोहोचली तरी ती कोणत्या बागेतली आहे हे अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर शोधता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यामुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा बसलेला फटका इथल्या बागायतदारांच्या अजून लक्षात आहे. माझ्या मामांच्या घरी फवारणीची वही ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलेली असते. पाठीवरचा पंप खाली ठेवला की आधी तिच्यात औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख लिहायची आणि मगच चहाला बसायचे, हा त्या घरचा शिरस्ता आहे.

याच घरात रविवारी पापलेट किंवा सुरमई येते, आणि तिच्याबद्दल मात्र कोणालाही काही ठाऊक नसते. नाशिकला समुद्र नाही. आपल्या ताटातली समुद्राची मासळी बर्फात भरून रात्रीतून कसारा घाट चढून येते. ती कोणत्या बंदरात उतरली, कोणत्या जाळ्यात सापडली, तिला एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाली होती की नाही, यातले काहीही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र ही कल्पना जगात पंचवीस वर्षांहून अधिक काळ रुजलेली असताना, प्रमाणपत्राच्या जोरावर परदेशी बाजार मिळवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तिच्याकडे लक्ष द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या कल्पनेमागे एक मोठी हानी आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रात सुमारे पाच शतके कॉड हा मासा पकडला जात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे मागे मोठे जाळे ओढत नेणारी प्रचंड आकाराची ट्रॉलर जहाजे उतरली, आणि १९९२ च्या जुलै महिन्यात कॉडचा साठा इतका खालावला की सरकारला मासेमारी थांबवावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार एका घोषणेने गेला. सुरुवातीला दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली ती बंदी २०२४ मध्ये उठली. ज्यांनी विशीत होड्या किनाऱ्याला लावल्या, त्यांचे कमावते आयुष्य त्या बंदीतच संपले.

या धक्क्यानंतर १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर ही निसर्गसंवर्धन संस्था आणि गोठवलेल्या मासळीची त्या वेळची मोठी खरेदीदार असलेली युनिलिव्हर कंपनी यांनी मिळून मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल स्थापन केली. दोनच वर्षांत ती दोघांपासून स्वतंत्र झाली. तिचे पहिले प्रमाणपत्र २००० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडीच्या मासेमारीला मिळाले. तिच्या कसोट्या तीन गोष्टींभोवती उभ्या आहेत. माशांचा साठा पुढेही टिकेल अशा पातळीवर आहे का, मासेमारीमुळे इतर जीवांची आणि समुद्रतळाची किती हानी होते, आणि नियम करून ते पाळून घेणारी व्यवस्था अस्तित्वात आहे का, हे पाहिले जाते. परीक्षा कौन्सिल स्वतः घेत नाही. स्वतंत्र तपासणी संस्था घेते. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि दरम्यान दर वर्षी पुन्हा पाहणी होते. बंदरापासून दुकानापर्यंत माल ज्यांच्या हातांतून जातो, त्या प्रक्रिया कारखान्यांनी आणि व्यापाऱ्यांनीही प्रमाणित माल इतर मालात मिसळत नाही हे वेगळे सिद्ध करावे लागते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा, माझ्या मते, प्रमाणित मालाच्या पाकिटावर असणाऱ्या कौन्सिलच्या निळ्या चिन्हापेक्षा त्यामागच्या अटींमध्ये आहे. प्रत्येक निकषाला गुण दिले जातात. साठपेक्षा कमी गुण मिळाले तर प्रमाणपत्र नाकारले जाते, पण साठ ते ऐंशीच्या दरम्यान असतील तर ते अटीवर मिळते आणि ठरलेल्या मुदतीत ऐंशीपर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे एकदा परीक्षेला बसलेल्या मासेमारीला जागच्या जागी थांबता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील हेक माशाच्या ट्रॉल मासेमारीला २००४ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. तिथे जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या जाड तारांवर आपटून अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी मरत असत. पक्षी-अभ्यासक, सरकार आणि मासेमारी कंपन्या यांनी मिळून तारांच्या बाजूने रंगीत फितींच्या दोऱ्या सोडण्याची पद्धत सक्तीची केली, आणि अल्बट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले. उपाय साधा आणि स्वस्त होता, पण तो करायला लावणारे कारण लागते. आपला बाजार टिकवण्यासाठी दर वर्षी तपासणीला सामोरे जावे लागणे, हे अशा कारणांपैकी फार प्रभावी कारण आहे.

आपल्याकडे याचे उदाहरण केरळात आहे, आणि त्याचा अभ्यास महाराष्ट्रातल्या प्रत्येक मच्छीमार संस्थेने करावा, इतके ते मोलाचे आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत आपल्याकडच्या तिसऱ्या या शिंपल्यांसारखी एक जात मुबलक मिळते. ऐंशीच्या दशकात तिला परदेशातून मागणी येऊ लागली आणि उपसा झपाट्याने वाढला. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे १०,००० टन असलेले उत्पादन दोनच वर्षांत निम्म्यावर आले. तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने स्थानिक मच्छीमारांनी स्वतःवर बंधने घालून घेतली. डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात शिंपले काढायचे नाहीत, जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, ठरलेल्या मापापेक्षा बारीक ठेवायचा नाही, आणि एका किलो मांसात ठरावीक संख्येपेक्षा जास्त शिंपल्यांचे तुकडे भरतील इतका लहान माल निर्यातीला द्यायचा नाही, असे ते नियम होते. उत्पादन पुन्हा सावरले. या खाडीकाठच्या साधारण ३,००० लोकांची उपजीविका त्यावर चालते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली.

अष्टमुडीच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की नियम आधीच होते, पण ते सवयीने पाळले जात होते. प्रमाणपत्रासाठी मच्छीमार, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांना एकत्र आणणारी एक परिषद स्थापन झाली, साठ्याची नियमित मोजणी सुरू झाली आणि बंदी काळ कोणी ठरवायचा, तो मोडला तर काय करायचे, हे लिखित स्वरूपात आले. ज्यांच्याकडे होडी आणि हातातले औजार याखेरीज फारसे काही नव्हते, त्यांच्याकडे स्वतःच्या पाण्याचा लेखी हिशेब आला. हा हिशेब घेऊन ते उद्या एखाद्या प्रदूषण करणाऱ्या कारखान्यासमोर किंवा खाडी बुजवणाऱ्या प्रकल्पासमोर उभे राहू शकतात. दरातल्या वाढीइतकेच किंवा तिच्याहूनही हे बळ मला मोलाचे वाटते.

आता नाशिकच्या बाजाराकडे येऊ. मागच्या हिवाळ्यात मासळी बाजारातल्या एका कोळणीच्या पाटावर मी पापलेटे बघत होते. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या चुऱ्याखाली ती एकावर एक रचलेली होती, आणि त्यातली कितीतरी माझ्या तळहातावर सहज मावतील एवढीच होती. मी विचारले, "मावशी, ही कुठली?"

"मुंबईचा माल आहे, ताई. पहाटे गाडी आली."

"मुंबईत कुठून आली असतील? सातपाटीची का?"

"ते आम्हाला कसं कळायचं? पेटी फोडायची आणि विकायची. पावती पेटीची मिळते, माशाची नाही."

त्यांचे उत्तर अगदी प्रामाणिक होते. शेजारच्या पाटावर रूपचंद होता. तळ्यात वाढवला जाणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा गोड्या पाण्यातला मासा पापलेटाशी थोडासा मिळताजुळता दिसतो आणि अनेक ठिकाणी पापलेट म्हणूनच गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतो. कातडी काढलेल्या, बिनकाट्याच्या तुकड्यांच्या बाबतीत तर ओळख पटवणे घरच्या माणसाला जवळजवळ अशक्य असते. या फसवणुकीवर प्रमाणपत्राचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालेला आहे. १८ देशांतील दुकानांमधून आणि उपाहारगृहांमधून निळ्या चिन्हाचे १,४०२ नमुने घेऊन त्यांची डीएनए तपासणी करण्यात आली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठीवर एक आणि आत दुसरा मासा असण्याचे प्रमाण त्यांत एक टक्क्याहूनही कमी निघाले, तर एकूण मासळी बाजाराबद्दलच्या आधीच्या अभ्यासांमध्ये हे प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास आढळले होते. पापलेटाचे पैसे मोजणाऱ्याला पापलेटच मिळणे हा साधा हक्क आहे, आणि तो मिळवून देण्यासाठी माशामागे कागद चालत यावा लागतो.

पापलेटाची गोष्ट महाराष्ट्रासाठी जिव्हाळ्याची आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. लहान पापलेटे मोठ्या प्रमाणात डोल जाळ्यांत सापडतात, कारण प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेल्या या जाळ्याचा शेवटचा भाग फार बारीक आसाचा असतो आणि त्यात जे शिरते ते बाहेर पडत नाही. पापलेटाचा दर वजनाच्या प्रतीनुसार ठरत असल्यामुळे, आज मातीमोल भावाने गेलेला पिल्लांचा ढीग काही महिने पाण्यात राहिला असता तर त्याच मच्छीमाराला कितीतरी पटींनी अधिक पैसे देऊन गेला असता. मी पाहिलेल्या खोक्यातील मासे १३५ मिलिमीटरच्या आत होते की बाहेर, हे मला सांगता येणार नाही, कारण माझ्याकडे पट्टी नव्हती आणि त्या पाटावरही नव्हती. नियम सरकारी राजपत्रात असून उपयोग नाही. तो बंदरावरच्या लिलावात आणि नाशिकच्या पाटावर दिसला पाहिजे, आणि प्रमाणपत्राची साखळी नेमके हेच काम करते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदी काळ आपल्याकडे आहेच, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची कोळी समाजाची रीत तर त्याहून कितीतरी जुनी आहे. नोंदी ठेवण्याची आणि त्या तपासू देण्याची व्यवस्था मात्र अजून उभी राहिलेली नाही.

आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. पूर्ण तपासणीचा खर्च लाखांमध्ये जातो, आणि तो छोट्या होडीवाल्यांच्या संस्थेला झेपणारा नाही. शिवाय या कसोट्या मुख्यतः थंड समुद्रातल्या, एका जाळ्यात एकच जात सापडणाऱ्या मासेमारीला समोर ठेवून घडल्या. आपल्या किनाऱ्यावर जाळ्याच्या एका ओढीत दहा-वीस प्रकारची मासळी येते आणि त्यातल्या प्रत्येकीचा साठा मोजणे फार अवघड असते. त्यामुळे प्रमाणित मासेमारींत श्रीमंत देशांचा वाटा मोठा राहिला, ही तक्रार रास्त आहे. समुद्रतळ खरवडणाऱ्या काही ट्रॉल मासेमारींना प्रमाणपत्र मिळाल्याबद्दल पर्यावरणवादी संघटनांनी केलेली टीकाही मला योग्य वाटते.

तरीही या पद्धतीवर माझा विश्वास आहे, कारण दिलेले प्रमाणपत्र काढून घेतल्याची उदाहरणे ठळक आहेत. उत्तर समुद्रातील कॉडला २०१७ मध्ये मोठ्या कौतुकाने मिळालेले प्रमाणपत्र साठा पुन्हा घसरल्यावर २०१९ मध्ये स्थगित झाले. त्याच वर्षी ईशान्य अटलांटिकमधील मॅकरेलचेही गेले, कारण किनारी देश आपापसांत वाटा ठरवू शकले नाहीत आणि सर्वांची मिळून पकड शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त होत राहिली. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतील मेन आखातातल्या लॉब्स्टरचे प्रमाणपत्र, सापळ्यांच्या दोरांत दुर्मीळ राइट व्हेल अडकण्याच्या धोक्यामुळे, स्थगित करण्यात आले. मोठ्या आणि राजकीयदृष्ट्या वजनदार उद्योगांनाही ही झळ बसली. जे काढून घेता येते त्याच कागदाला किंमत असते, आणि हे द्राक्षवाल्यांना २०१० नंतर वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही.

दुसरी बाब अशी की परदेशी बाजाराची दारे आता नोंदींशिवाय उघडत नाहीत. समुद्रातून पकडलेल्या मासळीच्या प्रत्येक खेपेसोबत ती कायदेशीर मार्गाने पकडल्याचा दाखला असावा, हा युरोपीय संघाचा नियम २०१० पासून लागू आहे. ट्रॉल जाळ्यांतून कासवांना सुटण्याची वाट ठेवलेली नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने समुद्रातल्या भारतीय कोळंबीची खरेदी थांबवली, आणि त्याचा भुर्दंड किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना सोसावा लागला. जाळ्याला एक चौकट आणि झडप बसवण्याचा तो प्रश्न होता. वेळेवर तपासणी आणि दुरुस्ती करण्याची सवय असती तर तो इतका चिघळला नसता.

नाशिकला स्वतःची मासेमारीही आहे, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करता येईल. गंगापूर, दारणा, मुकणे, गिरणा या धरणांच्या जलाशयांत भोई आणि इतर समाजांतले मच्छीमार कटला, रोहू, मृगळ पकडतात. जलाशय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि संस्थेने दर वर्षी त्यात मत्स्यबीज सोडावे अशी अट असते, कारण हे मोठे कार्प मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. म्हणजे बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) किती सोडली, ती जगण्याइतकी मोठी होती का, आणि पुढे किती वजनाचे किती मासे निघाले, या तीन आकड्यांवर त्या संस्थेचे सारे अर्थकारण उभे असते. समुद्रापेक्षा इथे मोजणी सोपी आहे, कारण पाण्याला काठ आहे, उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि मासळी बहुधा एकाच ठिकाणी तोलली जाते.

अशा संस्थेने आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या मागे लगेच धावावे असे मी म्हणत नाही. मामांच्या ओट्यावरच्या वहीसारखी एक वही वजनकाट्याशेजारी ठेवावी, आणि तिच्यात तारीख, जात, वजन, जाळ्याचा आस आणि होडी यांची रोज नोंद व्हावी. तीन-चार हंगामांच्या नोंदी जमल्या की कोणत्या आसाच्या जाळ्यात पिल्ले जास्त येतात हे संस्थेला स्वतःलाच दिसेल, आणि तो आस बंद करण्याचा ठराव बाहेरून कोणी लादण्याची वेळ येणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने वर्षातून एकदा त्या वहीची तपासणी करून संस्थेला जलाशयाच्या नावाचा शिक्का द्यावा, आणि नाशिक शहरातल्या उपाहारगृहांनी त्या शिक्क्याची मासळी मागावी. गंगापूर धरणातला ताजा रोहू इथून हाकेच्या अंतरावर असताना शहरात परप्रांतातून बर्फात आलेला रोहूच जास्त विकला जातो, त्याचे एक कारण असे की आपल्या रोहूला आपले म्हणून ओळखण्याची काही खूणच नाही. द्राक्षासाठी पॅकहाउस, बारकोड आणि नमुना तपासणी यांची घडी बसवणारी माणसे याच जिल्ह्यात आहेत. त्यांपैकी काही जणांनी एखाद्या मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात बसून नोंदवहीचे रकाने आखून दिले, तरी पहिला हंगाम सुरू होऊ शकतो. ज्या वाचकांचा अशा एखाद्या संस्थेशी संबंध असेल त्यांनी मला अवश्य कळवावे. रकाने आखायला आणि पहिल्या काही महिन्यांच्या नोंदी तपासायला मी येईन.